परदेशातल्या शिक्षकांना हाताने शैक्षणिक साहित्य करायला शिकवायला जायचंय? मराठवाड्यातून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, बीड या भागांतले शिक्षक, निवृत्त शिक्षक आणि अंगणवाडीच्या ताई जे विचारतात, त्याची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. दोन ठिकाणे धरून लिहिले आहे. एक नेपाळ, कारण ते जवळ आहे, लिपी आपलीच आहे आणि व्हिसाही लागत नाही. दुसरे टांझानिया, कारण पूर्व आफ्रिकेतल्या शाळांच्या अडचणी आपल्या जिल्हा परिषद शाळांच्या जुन्या अडचणींसारख्याच आहेत.

नेमके काय करायला जायचे असते?

शिक्षकांना शिकवायला. मुलांना शिकवायला नव्हे, आणि त्यांच्या शाळेसाठी साहित्य बनवून द्यायला तर मुळीच नव्हे. तुम्ही ४० सुंदर तक्ते करून भिंतीला लावून आलात, तर पुढच्या पावसाळ्यात ते ओल धरतात आणि विषय संपतो. वस्तू त्या शिक्षकाने स्वतःच्या हाताने, त्याच्याच बाजारातल्या मालातून केलेली असली, तर मोडली की तोच ती पुन्हा करतो. कामाचा सगळा कस इथे लागतो.

आपल्याकडे शैक्षणिक साहित्याची प्रदर्शने होतात. तो अनुभव चालेल का?

थोडा चालेल, बराचसा विसरावा लागेल. थर्माकोलचा ज्वालामुखी, चमकी लावलेली सूर्यमाला, काचेच्या कपाटातला पाचनसंस्थेचा नमुना ही परीक्षकाला दाखवायची वस्तू. वर्गात लागते ती मुलाच्या हातात देता येईल, पडली तरी चालेल, हरवली तर दहा मिनिटांत पुन्हा होईल अशी. आपल्याकडेही गणित पेटी कपाटात कुलूप लावून ठेवलेली शाळा शोधायला फार लांब जावे लागत नाही. कारण एकच असते, एखादी वस्तू हरवली तर जबाबदार कोण?

या कामाची आपल्याकडची परंपरा चांगली आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने गावच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून विज्ञान शिकवायचा पायंडा पाडला. अरविंद गुप्ता यांनी तिथूनच काडीपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांची खेळणी पुढे आणली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्या काड्या आणि ट्यूब आजही पहिल्या दिवसाला सर्वांत भरवशाचे साहित्य आहे.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. परवानगी कशी घ्यायची?

दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होते. पासपोर्ट काढताना कार्यालयाला पूर्वसूचना द्यायची किंवा ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचे, ही एक. देशाबाहेर जाण्याची परवानगी आणि रजा ही दुसरी. पासपोर्ट हातात आला म्हणजे जायची परवानगी मिळाली, असे होत नाही. अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा वर चढत जातो आणि प्रत्येक टेबलावर थांबतो. निदान तीन महिने हातात ठेवा. अर्जासोबत यजमान संस्थेचे पत्र, तारखा, खर्च कोण करणार आणि मानधन मिळणार की नाही हे स्पष्ट लिहिलेले असावे. ‘मानधन नाही, फक्त राहणे-जेवण’ ही एक ओळ नसली की फाइल शेरा मारून खाली येते.

निवृत्तांना ही कटकट नाही. म्हणूनच या कामात निवृत्त मंडळी जास्त दिसतात, आणि त्यांचा हातही बसलेला असतो.

कोणता काळ सोयीचा?

नेपाळसाठी मे. आपल्याकडे उन्हाळी सुट्टी असते आणि तिथे वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, नवे शैक्षणिक वर्ष सुरू झालेले असते. शिक्षक ताजे असतात, वर्ग भरलेले असतात आणि दुपारी शिकलेले दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांवर करून पाहता येते. डोंगराळ भागात मे महिना सुखाचा असतो. तराईत ऊन आपल्या परभणीसारखेच. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागतो आणि डोंगरातले रस्ते दरडींनी बंद पडतात. दसैं-तिहारच्या दिवसांत, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीला, जाऊ नका, शाळा बंद असतात.

टांझानियात शाळेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर. जूनमध्ये आणि डिसेंबरात सुट्टी. तिथे सुट्टीत प्रशिक्षण घ्यायचे की शाळा चालू असताना, हे यजमानाला आधी विचारा. सुट्टीत शिक्षक मोकळे असतात पण समोर मुले नसतात.

नेपाळच्या तारखांबद्दल एक सावधगिरी. तिथला सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतो, वर्ष आपल्यापेक्षा ५६-५७ ने पुढे. पत्रात ‘जेठ ५’ लिहिले असेल तर ती ५ मे नव्हे. तारीख दोन्ही पंचांगांत लिहून घ्या, मगच तिकीट काढा.

व्हिसा, ओळखपत्र, लस?

नेपाळला भारतीयांना व्हिसा नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. १५ ते ६५ वयोगटाला आधार कार्डावर चढू देत नाहीत, आणि दिल्ली विमानतळावर हे कळले तर तिकिटाचे पैसे बुडतात. शाळांचा कारभार २०१५ च्या संविधानानंतर स्थानिक पालिकांकडे आहे. त्यामुळे यजमान संस्थेने पालिकेच्या शिक्षा शाखेचे पत्र काढलेले आहे ना, एवढे पाहा.

टांझानियाला व्हिसा लागतो, आणि पर्यटक व्हिसावर स्वयंसेवेचे काम करता येत नाही. ‘या तर खरं, आल्यावर बघू’ असे कोणी म्हणाले तर जाऊ नका. स्वयंसेवकांसाठी ‘क’ वर्गाचा (Class C) निवास परवाना असतो, त्यासाठीची खटपट यजमान संस्थेने तिथून करायची असते.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होते. युगांडासारख्या देशात शिरतानाच ते मागतात. पीतज्वराच्या देशातून भारतात परतताना प्रमाणपत्र नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. तुमचे विमान वाटेत कुठे थांबते तेही बघा, कारण नुसता थांबाही मोजला जाऊ शकतो. हिवतापाच्या गोळ्यांचे डॉक्टरांना विचारा.

पैसे भरून जायचे की पैसे मिळतात?

बहुतेक वेळा राहणे-जेवण यजमानाचे, प्रवास तुमचा. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून आहे आणि तो अर्जासाठी पैसे घेत नाही. त्याच्या नावाने कोणी ‘नोंदणी शुल्क’ मागितले तर ती फसवणूक समजा. काही दलाल आठवड्याच्या हिशोबाने मोठी रक्कम घेऊन ‘शाळेत स्वयंसेवा’ विकतात. असे पॅकेज घेणाऱ्याला सहसा मुलांसमोर गाणी म्हणायला उभे करतात, शिक्षक त्या वेळी चहाला गेलेले असतात.

नेपाळात भारतीय १ रुपयाला नेपाळी १ रुपया ६० पैसे हा दर ठरलेला आहे. शंभर आणि त्याखालच्या नोटा सोबत ठेवा, मोठ्या नोटांवरून वाद होतात.

सोबत काय न्यायचे आणि काय नाही?

नियम असा की हत्यारे न्या, कच्चा माल नेऊ नका. माल इथून नेला की तिथल्या शिक्षकाच्या मनात बसते, ‘हे भारतातच मिळतं’. झाले, तुम्ही परतलात की काम थांबले.

२४ शिक्षकांच्या, पाच दिवसांच्या कार्यशाळेला ही हत्यारे पुरतात: कात्र्या १२, कटर ६ आणि सुट्या पात्यांची २ पाकिटे, ३० सेंटिमीटरच्या पोलादी पट्ट्या ६, साधी पक्कड २, दाभण ६. हे सगळे चेक-इन सामानात टाका.

काडीपेट्या विमानात कोणत्याच सामानात चालत नाहीत. काड्या तिथेच घ्या. रबर सोल्यूशन, स्पिरिट, स्प्रे रंग यांनाही बंदी आहे. साधा पांढरा फेविकॉल पाण्यातला असल्याने चालतो, पण तोही तिथे मिळतो. चिंचोके, सागरगोटे मोजणीसाठी उत्तम, पण बिया सीमेवर अडवतात. तिथल्या बिया वापरा, तिथली मुलेही त्याच ओळखतात.

आफ्रिकेत सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून नेऊ नका. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियाने १ जून २०१९ पासून त्यांवर बंदी घातली आहे, पाहुण्यांनाही ती लागू आहे. शिवलेल्या कापडी पिशव्या न्या. टांझानियात प्लगला तीन चौकोनी खाचा असतात, आपला प्लग बसत नाही, अडॅप्टर लागेल.

पहिल्या दिवशी काय करून घ्यावे?

काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब. पंक्चरवाल्याकडे मीटरने मिळते ती बारीक काळी रबरी नळी. माणशी अर्धा मीटर ट्यूब आणि ४० काड्या धरा. काड्यांचा गुल आधी खरवडून काढा आणि पाण्यात भिजवून टाका.

ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे. तुकड्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी घातली की सांधा झाला. तीन काड्या, तीन सांधे म्हणजे त्रिकोण. चार आणि चार म्हणजे चौकोन. चौकोनाला कोपऱ्यात दाबा, तो आडवा पडतो. त्रिकोण हलत नाही. घराच्या छपराला, पुलाला, विजेच्या टॉवरला त्रिकोण का असतात हे इथे बोलण्याआधीच हाताला कळते. तीन काड्यांचा सांधा करायला तुकड्याच्या मधोमध बाभळीच्या काट्याने आरपार भोक पाडायचे आणि टोक काढलेली काडी त्यात घुसवायची. असे चार सांधे आणि सहा काड्या जोडल्या की चतुष्फलक. घनाला बारा काड्या, आठ सांधे.

बिघडते कुठे? ट्यूब जुनी, कडक असली तर काडी घालताना ती उभी चिरते. विकत घेताना तुकडा ताणून बघा, पांढरट रेषा दिसल्या तर सोडा. तुकडा एक सेंटिमीटरपेक्षा लहान झाला तर काडी सुटते, दोनपेक्षा लांब झाला तर कोपरा वळतच नाही. आणि काही ठिकाणी काड्या मेणाच्या किंवा कागदाच्या असतात, त्यांचा उपयोग नाही. पोहोचल्या दिवशी बाजारात चक्कर मारा. कार्यशाळेच्या सकाळी हे कळून काय फायदा?

दशक-एकक शिकवायला मण्यांच्या माळा बऱ्या की काड्यांचे गठ्ठे?

गठ्ठे. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात साधी दिसणारी हीच वस्तू सगळ्यात जास्त चुकते.

एका संचाला १० सेंटिमीटरच्या १०० काड्या आणि १२ रबरबँड. काडी कशाचीही चालते. आपल्याकडे ज्वारीच्या वाळल्या धाटांच्या काड्या होतात, नेपाळच्या डोंगरात निगाळो नावाचा बारीक बांबू मिळतो, टांझानियाच्या किनाऱ्याला नारळाच्या खराट्याच्या काड्या. मक्याचे धाट घेऊ नका, आत गर असतो, आठ दिवसांत मुंग्या लागतात.

पहिली चूक: काड्या लहान-मोठ्या. मूल मग संख्या पाहत नाही, लांबी पाहते. एका पुठ्ठ्याला १० सेंटिमीटरवर खाच पाडून तेच माप सगळ्यांनी वापरायचे. दुसरी चूक: गठ्ठ्यात नऊ किंवा अकरा काड्या. वजाबाकी चुकते आणि शिक्षकाला वाटते, मुलालाच कळलेले नाही. म्हणून एकाने बांधलेला गठ्ठा दुसऱ्याने सोडून मोजायचा. तिसरी, आणि सर्वांत मोठी: गठ्ठा नीट राहावा म्हणून फेविकॉलने चिकटवणे. हातच्याच्या वजाबाकीत दशक सुटलाच पाहिजे. ३२ मधून ७ काढताना मूल एक गठ्ठा सोडते, दहा सुट्या काड्या दोनात मिसळते, बारातून सात उचलते. चिकटवलेल्या गठ्ठ्याने हे होत नाही, तो गठ्ठा नुसता शोभेचा. मण्यांच्या पक्क्या ओवलेल्या माळेतही हाच दोष आहे.

टांझानियात एक गंमत होते. स्वाहिलीत अकराला ‘कुमी ना मोजा’, म्हणजे ‘दहा आणि एक’, आणि एकवीसला ‘इशिरिनी ना मोजा’, म्हणजे ‘वीस आणि एक’ म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आले तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! तिथे भाषाच ते काम करते. त्यामुळे तिथे गठ्ठे लवकर आटोपतात. नेपाळीत मात्र आपल्यासारखीच शंभरपर्यंतची नावे पाठ करावी लागतात, तिथे गठ्ठ्यांना दुप्पट वेळ द्या.

अपूर्णांकाच्या पट्ट्या जुळत नाहीत. असे का होते?

पट्टी २४ सेंटिमीटरची घ्या, रुंदी ३. चोविसाला २, ३, ४, ६, ८, १२ ने भाग जातो, म्हणून अर्धा १२, तृतीयांश ८, पाव ६, षष्ठांश ४, अष्टमांश ३ सेंटिमीटर असे नेमके तुकडे पडतात. २५ किंवा २० ची घेतली की तृतीयांशाला दशांश चिन्ह येते आणि शिक्षक तिथेच वैतागतो. पंचमांश आणि दशांश हवे असतील तर वेगळा संच, पट्टी ३० सेंटिमीटरची.

एवढे करूनही आठ अष्टमांश मांडले की पूर्णापेक्षा चार-पाच मिलिमीटर कमी भरतात, कारण कात्री रेघेच्या कडेने चालते आणि दर कापाला थोडा पुठ्ठा जातो. पेन्सिल टोकदार करा, पोलादी पट्टी धरून कटरने रेघेच्या बरोबर मधून कापा. पन्हळी खोका घेऊ नका, कडा दबतात. बिस्किटाच्या किंवा साबणाच्या खोक्याचा सपाट पुठ्ठा बरा.

विज्ञानाला सुरुवात कशाने?

टॉर्चच्या सेलने. सायकलच्या जुन्या आतल्या ट्यूबचा दोन सेंटिमीटर रुंद गोल कापून तो सेलवर लांबीच्या दिशेने ताणून बसवायचा. दोन्ही टोकांना वायर त्याखाली अडकते, सोल्डर लागत नाही. ‘एलईडी लागत नाही’ ही तक्रार हमखास येते. एका सेलचे दीड व्होल्ट पुरत नाहीत, लाल दिव्यालाही साधारण दोन लागतात, म्हणून दोन सेल एकामागे एक जोडा. तरी नाही लागला तर पाय उलटे लागलेत, लांब पाय धन टोकाला. आणि तांब्याच्या चकचकीत वायरला लाखेचा थर असतो, टोके ब्लेडने खरवडल्याशिवाय वीज जात नाही. पांढऱ्या दिव्याला जवळजवळ तीन व्होल्ट लागतात, सेल जरा जुने असले की तो मिणमिणतो.

भाषेची अडचण येते का?

टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत, माध्यमिक इंग्रजीत. दुभाष्यामुळे दोन तासांचे सत्र चार तास घेते, म्हणून आखणी निम्मीच करा. ‘काता’ म्हणजे काप, ‘कुंजा’ म्हणजे घडी घाल, एवढ्यावर बरेच निभते. दुकानाला ‘दुका’, चहाला ‘चाई’, लाखाला ‘लाकी’, त्यामुळे बाजारात आपला माणूस फार बुजत नाही.

नेपाळात ओळखीचे शब्दच फसवतात. तिथे ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘मात्र’ म्हणजे फक्त. अक्षरकार्डे आपल्या वळणाने लिहून नेऊ नका. नेपाळीच्या वर्णमालेत ळ नाही, झ, ण, ५, ८ यांचे वळण बऱ्याचदा निराळे असते, आणि त्यांचा च आपल्या ‘चहा’पेक्षा ‘चाक’मधल्या च च्या जवळचा. कार्डे तिथल्या शिक्षकाकडूनच लिहून घ्या.

वर्गात ८०-१०० मुले असतील तर?

टांझानियात हे होते. एका संचावर पाच मुले बसू शकतात, सहावे नुसते बघते. म्हणजे २० संच. तेवढे संच एकट्या शिक्षकाने करायचे म्हटले तर तो कधीच करणार नाही. म्हणून कार्यशाळेतच ‘मुलांकडून संच करून घेणे’ हा एक तास ठेवा. कापण्याचे काम वरच्या वर्गाकडे, मोजून बांधण्याचे खालच्या वर्गाकडे. बांधतानाच निम्मे गणित होऊन जाते.

जाण्यापूर्वी सराव कुठे करावा?

आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन तास मागून घ्या. अट एकच, बोलताना तुमचे हात मागे बांधलेले. कोणाची काडी सुटली, कोणाची पट्टी वाकडी कापली गेली तरी त्याच्या हातातून वस्तू घ्यायची नाही, फक्त सांगायचे. हे जमेपर्यंत तिकीट काढू नका. चांगल्या शिक्षकाला हेच सर्वांत जड जाते.

उपयोग झाला की नाही हे कसे कळणार?

फोटोंवरून कळत नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येक शिक्षकाने एक वस्तू मोडायची आणि तुमच्याकडे न बघता पुन्हा करायची. सहा आठवड्यांनी यजमानाला फोन करून एकच विचारा: कोणता संच दुरुस्त करावा लागला? ‘सगळे जसेच्या तसे आहेत’ असे उत्तर आले तर ते कपाटात आहेत.

उरलेले साहित्य परत आणायचे का?

नाही. कात्र्या, पट्ट्या, दाभण शाळेत ठेवा, पण मुख्याध्यापकाच्या कपाटात नव्हे. वर्गात खिळ्याला टांगा आणि भिंतीवर प्रत्येकाची बाह्यरेषा काढा, म्हणजे काय कमी आहे ते लांबूनच दिसते. कटर तेवढे शिक्षकाच्या ताब्यात. सुटी पाती जाताना मोजून द्या आणि बोथट पाती पत्र्याच्या डब्यात टाकायला सांगा.